सही करण्याआधी दोन फोन करा

‘ताई, नमस्कार. मी कॅलिफोर्नियातल्या एका लहान शहरात राहते. या देशात येऊन २२ वर्षं झाली, नागरिकत्व घेऊन ९. यंदा नोव्हेंबरमध्ये सिटी कौन्सिलच्या एका जागेसाठी उभी राहते आहे. अर्ज आणायला सिटी क्लार्कच्या ऑफिसात गेले, तेव्हा तिने गठ्ठ्यातले दोन कागद वेगळे काढून दाखवले आणि दोन्हींबद्दल म्हणाली, “हे तुमच्या मर्जीवर आहे.” एक कागद असा, की प्रचारावर २५,००० डॉलरपेक्षा जास्त खर्च करणार नाही. दुसरा, स्वच्छ प्रचाराची आचारसंहिता पाळीन. या जागेवरचे सध्याचे सदस्य पुन्हा उभे आहेत, त्यांनी दोन्हींवर सही केली आहे. तिसरे उमेदवार बांधकाम व्यवसायातले आहेत, स्वतःचा पैसा ओतायची त्यांची तयारी दिसते. त्यांनी अजून सही केलेली नाही. माझा नवरा म्हणतो, “स्वतःचे हात बांधून आखाड्यात कशाला उतरतेस?” मला सही करावीशी वाटते, पण भीतीही वाटते. पुण्याचा मामेभाऊ पैसे पाठवतो म्हणून मागे लागला आहे. आणि परवा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी त्या बांधकामवाल्या उमेदवाराच्या घटस्फोटाबद्दल काहीबाही टाकलं. मी वाचलं आणि गप्प बसले. माझं चुकलं का?
– एक उमेदवार’

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबले होते. त्याच्याकडे येणारच आहे. पण अर्जाला मुदत असते, म्हणून आधी पैशाचं बोलू.

तुमच्या यजमानांची शंका रास्त आहे आणि तिला नीट उत्तर मिळालं पाहिजे. भारतात वाढलेल्या माणसाला ‘ऐच्छिक खर्चमर्यादा’ हा शब्दच विचित्र वाटतो. आपल्याकडे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यापासून मर्यादा म्हणजे मर्यादा. ती पाळली जाते की नाही हा वेगळा विषय, पण कायद्यात ती सक्तीची आहे. अमेरिकेत तशी सक्ती करता येत नाही. वॉटरगेट घोटाळ्यानंतर, १९७४ साली इथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, उमेदवारांच्या खर्चावर मर्यादा घातली होती. १९७६ मध्ये बकली विरुद्ध व्हॅलेओ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. प्रचारासाठी पैसा खर्च करणं हा बोलण्याच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, देणगीवर मर्यादा घालता येईल पण खर्चावर नाही, असा तो निकाल. त्यानंतरही काही शहरांनी प्रयत्न सोडला नाही. सिनसिनाटीने सिटी कौन्सिलच्या उमेदवारांसाठी मर्यादा घातली, ती १९९८ मध्ये कोर्टात पडली. अल्बुकर्कीत महापौरपदाच्या निवडणुकीला १९७४ पासून मर्यादा होती, ती २००४ मध्ये पडली. व्हरमाँट राज्याचा कायदा २००६ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला.

पण बकलीच्या निकालातच एक दार उघडं राहिलं. उमेदवाराने आपणहून मर्यादा मान्य केली, आणि त्याबद्दल सरकारने त्याला काही सवलत दिली, तर ते चालतं. क्लार्कने तुम्हाला दिलेला पहिला कागद त्या दारातून आलेला आहे. म्हणून ती ‘तुमच्या मर्जीवर आहे’ म्हणाली. दुसरं काही म्हणण्याचा तिला अधिकारच नाही.

आता सवलत काय, ते शहरागणिक वेगळं असतं. ओकलंडमध्ये बरीच वर्षं अशी पद्धत होती, की मर्यादा मान्य करणाऱ्या उमेदवाराला एकेका देणगीदाराकडून जास्त रक्कम घेता येई. कुठे आणखी काही मिळतं, तर कुठे मतदारांना कळवण्यापलीकडे काहीच मिळत नाही. तुमच्या शहराच्या नियमात काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला वाटतं तुम्ही विचारलंही नसावं. क्लार्कला ईमेल करा आणि उत्तर लेखीच मागवा. तोंडी उत्तरावर हिशेब उभा करू नका. ती माणसं चांगली असतात, मदत करतात, पण काउंटरपलीकडून घाईत मिळालेलं उत्तर पुढे कोणी ग्राह्य धरत नाही.

तुम्ही पत्रासोबत छापखान्याचे भाव जोडलेत ते फार बरं केलंत. भीती आकड्यांनी मोजली की निम्मी होते. शहरात ११,००० घरं. पत्रकाची छपाई आणि टपालखर्च मिळून दर घरामागे ७० सेंट. म्हणजे सगळ्या घरांना एकदा पत्रक पाठवायचं तर ७,७०० डॉलर, दोनदा पाठवायचं तर १५,४००. अंगणात लावायच्या पाट्या ३००, सहा डॉलरच्या हिशेबाने १,८००. मतदारांना पाठवल्या जाणाऱ्या मतदार पुस्तिकेतल्या तुमच्या निवेदनाचा अंदाज क्लार्कने दीड हजार सांगितला आहे. वेबसाइट आणि दारोदार वाटायची छोटी पत्रकं मिळून दोन हजार धरू. एकूण २०,७००. शिल्लक ४,३०० डॉलर. तिसरं पत्रक सगळ्यांना जाणार नाही, हे खरं. पण दर निवडणुकीला न चुकता मत देणारी जी ४,००० घरं तुम्ही यादीतून वेगळी काढली आहेत, त्यांना ते २,८०० डॉलरमध्ये जाईल. तरीही दीड हजार हाताशी राहतील.

एवढ्यात एक नीटनेटका प्रचार होतो. उरलेलं काम पायांनी करायचं.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगते, कारण मर्यादेची बाजू घेणारे ती सहसा बोलत नाहीत. खर्चमर्यादेचा फायदा बऱ्याचदा खुर्चीत बसलेल्याला होतो. गॅरी जेकबसन या राज्यशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये काँग्रेसच्या निवडणुका तपासून दाखवलं होतं, की आव्हान देणाऱ्या उमेदवाराने खर्च केलेला पैसा जितका कामाला येतो, तितका विद्यमान सदस्याचा येत नाही. कारण उघड आहे. सदस्याचं नाव लोकांना आधीच माहीत असतं, तुमचं त्यांना पहिल्यांदा ऐकायचं आहे, आणि तेही उच्चारायला अवघड. सध्याच्या सदस्यांनी चटकन सही केली त्यामागे चांगुलपणा असेलही, पण मर्यादा त्यांना सोयीचीही आहे. म्हणून कुठल्याही रकमेवर डोळे मिटून सही करा, असं मी कोणालाच सांगणार नाही. तुमच्या ११,००० घरांसाठी मर्यादा १०,००० डॉलर असती, तर मी नको म्हटलं असतं. २५,००० मध्ये तुम्ही प्रत्येक दारात दोनदा पोचता. तेवढं पुरेसं आहे.

आणि बांधकामवाले? त्यांनी स्वतःचे लाख डॉलर ओतले तर? स्वतःच्या पैशावर कुठलीही मर्यादा कायदा घालू शकत नाही, तेही बकलीतच ठरलं. पण यावर एक तोड असते. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर २००० मध्ये प्रपोझिशन ३४ हा थेट मतदारांपुढे ठेवलेला कायदा मंजूर केला, त्यात राज्यपातळीच्या उमेदवारांसाठी अशी तरतूद आहे, की प्रतिस्पर्ध्याने स्वतःचा पैसा मर्यादेपलीकडे लावला तर मर्यादा मान्य करणारा उमेदवारही त्या बंधनातून सुटतो. राज्याचा हा नियम शहराच्या निवडणुकीला लागू होत नाही, पण शहरं आपल्या नियमात अशी सूट ठेवू शकतात. तुमच्या शहराच्या नियमात ती आहे का, किती रकमेवर लागू होते, आणि लागू झाल्याचं कोण जाहीर करतं, हे क्लार्कला पाठवायच्या ईमेलमधले सर्वांत महत्त्वाचे प्रश्न. ती सूट असेल तर तुमच्या यजमानांच्या शंकेचं उत्तर तिथेच मिळालं.

आता खर्च कशाला म्हणायचं ते. यात मी स्वतः पोळले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. काही वर्षांपूर्वी एक मैत्रीण स्कूल बोर्डाच्या, म्हणजे शाळांचा कारभार बघणाऱ्या मंडळाच्या, निवडणुकीला उभी होती, तिच्या प्रचाराची मी खजिनदार होते. मर्यादा मान्य केलेली. मी दर रविवारी रात्री जेवणाच्या टेबलावर पावत्या पसरून बसायचे, डावीकडे दिलेली बिलं, उजवीकडे यायची. शेवटच्या आठवड्यात मर्यादेला साडेतीनशे डॉलर बाकी होते आणि मी निर्धास्त होते. तेव्हा कळलं, की एका हितचिंतकाने कौतुकाने, आम्हाला न विचारता, स्वतःच्या खर्चाने मोठे कापडी फलक करून आणले आहेत, आणि ते आमच्याच स्वयंसेवकांनी आमच्याच सभेत लावलेही आहेत. फुकट मिळाले म्हणून मी ते धरलेच नव्हते. पण वस्तूच्या रूपाने आलेली मदत ही देणगीच असते, आणि बाजारभावाने ती हिशेबात लिहावी लागते. आमच्या शहराच्या नियमात ती खर्चातही धरली जायची. फलकांची किंमत निघाली सहाशेच्या वर. आम्ही मर्यादा ओलांडली होती. मैत्रिणीने त्याच संध्याकाळी क्लार्कला आणि दोन्ही प्रतिस्पर्ध्यांना कळवलं. फोन करताना तिचा चेहरा कसा झाला होता ते मी विसरलेले नाही. चूक माझी होती आणि फोन ती करत होती.

म्हणून सांगते, खजिनदार हिशेबाला पक्का आणि ‘नाही’ म्हणायला न कचरणारा असा निवडा. नातेवाईक नको. त्याला पहिल्या दिवशी दोन गोष्टी समजावून द्या. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने खर्च झाला असं धरतात ते पैसे दिले त्या दिवशी, किंवा माल-सेवा हातात पडली त्या दिवशी, यातलं जे आधी होईल तेव्हा. म्हणजे ऑक्टोबरात पत्रकं छापून घेतली आणि बिल डिसेंबरात भरलं, तरी खर्च ऑक्टोबरचाच. दुसरी गोष्ट दिलासा देणारी आहे. स्वयंसेवकांनी फुकट दिलेला वेळ खर्चात येत नाही. कोणी आपल्या घरी शेजाऱ्यांना बोलावून तुमची गाठ घालून दिली आणि घरमालकाचा सगळा खर्च ५०० डॉलरच्या आत राहिला, तर तीही देणगी धरत नाहीत. चहा आणि दिवाणखान्यातल्या खुर्च्या एवढ्यावर होणाऱ्या अशा बैठका मर्यादा मान्य केलेल्या उमेदवाराचं खरं बळ असतं. पाच-सहा पत्रकांवर पैसे घालवण्यापेक्षा अशा वीस बैठका करा.

मतदार पुस्तिकेतलं निवेदन, हिशेबनिसाची फी, निधी गोळा करण्याच्या कार्यक्रमाचा खर्च, हे तुमच्या शहराच्या मर्यादेत धरतात की नाही, आणि मोजणी कुठल्या तारखेपासून सुरू होते, हेही ईमेलमध्ये विचारून घ्या.

मामेभावाला आजच, प्रेमाने पण स्पष्ट, नाही म्हणा. अमेरिकेचा नागरिक नाही आणि ग्रीनकार्डधारकही नाही, अशा माणसाची देणगी घेणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कायदा अगदी सिटी कौन्सिलच्या निवडणुकीलाही लागू आहे. ‘तुझ्या खात्यावर टाकतो, तू तुझे म्हणून वापर,’ हा मार्ग तो सुचवेल. आपल्या घरांमध्ये मदतीची हीच रीत आहे, त्यात त्याला गैर काही वाटणार नाही. पण दुसऱ्याचा पैसा आपल्या नावावर दाखवणं हाही गुन्हाच. तुमच्या ओळखीतले एच-वन-बी व्हिसावरचे लोकही देणगी देऊ शकत नाहीत. ग्रीनकार्डवाले देऊ शकतात. ज्यांना पैसे देता येत नाहीत त्यांना मोबदला न घेता काम मात्र करता येतं: फोन करणं, पत्रकं वाटणं, पाट्या ठोकणं. त्यांना सांगा, पैशापेक्षा शनिवारची सकाळ द्या. शंभर डॉलर किंवा त्यावरची देणगी रोख घेऊ नका, आणि देणाऱ्याचं नाव, पत्ता, व्यवसाय, नोकरीचं ठिकाण लिहून घ्या. फेअर पोलिटिकल प्रॅक्टिसेस कमिशन या राज्याच्या आयोगाच्या फॉर्मवर ते क्लार्ककडे द्यावं लागतं आणि लोकांना ते पाहता येतं. तुमच्या शहराने देणगीवर स्वतःची मर्यादा ठेवली नसेल, तर २०२१ पासून राज्याची मर्यादा आपोआप लागू होते. २०२५-२६ साठी ती एका देणगीदारामागे ५,९०० डॉलर आहे.

त्याच ओघात एक सांगायला हवं. तुमचं महाराष्ट्र मंडळ करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं असेल, तर १९५४ पासूनच्या कायद्याने त्याला कुठल्याही उमेदवाराच्या प्रचारात पडता येत नाही. गणपतीच्या व्यासपीठावरून ‘आपल्या ताईंना मत द्या’ असं कोणी उत्साहाने म्हणालं, तर अडचण मंडळाची होईल. मंडळाची ईमेल यादी वापरू नका. कार्यक्रमाला जा, आरती करा, लोकांना भेटा, माइक हातात घेऊ नका.

आणखी एक वाट असते, जिथून मर्यादेला गळती लागते. तुमच्याशी काही न बोलता, तुमच्या बाजूने किंवा विरुद्ध कोणी स्वतंत्रपणे खर्च केला, तर तो तुमच्या मर्यादेत येत नाही आणि कायदा तो थांबवू शकत नाही. एखादा मित्र म्हणेल, ‘तू मर्यादेत राहा, आम्ही चौघं मिळून वेगळं पत्रक काढतो, कोणतं मांडू सांग.’ तुम्ही ‘रस्त्यांचं मांडा’ एवढं जरी म्हणालात, तरी तो खर्च स्वतंत्र राहत नाही, तुमच्या खात्यात येतो. आणि मला विचाराल तर, कायद्यात बसला तरी तो मर्यादेच्या मूळ हेतूला फाटा देणारा आहे. २०१२ साली मॅसॅच्युसेट्समध्ये सिनेटच्या निवडणुकीत स्कॉट ब्राऊन आणि एलिझाबेथ वॉरन यांनी यावर एक तोड काढली होती. बाहेरच्या गटाने जाहिरात दिली, तर ज्या उमेदवाराला तिचा फायदा होईल त्याने जाहिरातीच्या खर्चाच्या निम्मी रक्कम, प्रतिस्पर्धी सुचवेल त्या धर्मादाय संस्थेला द्यायची, असा लेखी करार. ब्राऊन यांच्यावर ती वेळ आली आणि त्यांनी ती रक्कम भरली. करारात टीव्ही, रेडिओ आणि इंटरनेटवरच्या जाहिराती होत्या, टपालाची पत्रकं नव्हती. मग बाहेरच्या गटांनी पत्रकं पाठवली. दोघांचा स्वतःचा खर्चही अफाट होता. तरीही मला तो प्रयत्न मोलाचा वाटतो. कायद्याने जे करता येत नव्हतं, ते दोन प्रतिस्पर्ध्यांनी एका टेबलाशी बसून केलं. शहराच्या निवडणुकीत तर उमेदवार एकाच दुकानात भाजी घेतात, त्यांना हे जास्त सोपं जायला हवं.

आता दुसरा कागद.

स्वच्छ प्रचाराची आचारसंहिता कॅलिफोर्नियाच्या निवडणूक कायद्यातच छापलेली आहे. अर्ज देताना ती प्रत्येक उमेदवाराच्या हातात द्यायची आणि ती ऐच्छिक आहे हे सांगायचं, असं अधिकाऱ्यावर बंधन आहे. सही केलेला कागद सार्वजनिक दस्तऐवज होतो, कोणीही जाऊन तो पाहू शकतो. पण ती मोडली तर शिक्षा नाही. मी मघाशी सांगितला तो आयोगही हे बघत नाही. त्याचं काम पैशाच्या हिशेबाचं, पत्रकात खरं लिहिलंय की खोटं हे तपासण्याचं नाही. म्हणून बरेच उमेदवार ती न वाचताच सही करतात. सात मुद्दे आहेत, पाच मिनिटांत वाचून होतात. वाचा.

पहिल्या मुद्द्याची तुम्हाला गरज आहे, कारण तुमच्या पत्रात एक संकोच जाणवतो. स्वच्छ प्रचार म्हणजे गोड प्रचार नव्हे. प्रतिस्पर्ध्याच्या कामावर आणि धोरणांवर निर्भीडपणे टीका करीन, असं त्या संहितेत स्वच्छ लिहिलं आहे. सध्याच्या सदस्यांनी गेल्या चार वर्षांत कुठल्या ठरावावर कसं मत दिलं ते कौन्सिलच्या इतिवृत्तात आहे. ते काढा, तारखेसकट छापा, आणि का पटलं नाही ते सांगा. बांधकामवाल्या उमेदवाराचे प्रकल्प कौन्सिलपुढे येणार असतील तर त्यांना भर सभेत विचारा, तेव्हा तुम्ही मतदानातून बाजूला होणार का? हे विचारणं तुमचं कामच आहे. फक्त एक जागा वेगळी. मतदार पुस्तिकेतल्या निवेदनात कायद्याने फक्त स्वतःबद्दल लिहायचं असतं, दुसऱ्या उमेदवाराचा उल्लेखही चालत नाही.

दुसरा मुद्दा चारित्र्यहननाचा. कुटुंब आणि खासगी आयुष्यावर हल्ला नको, बदनामी नको, आणि कुजबुजीची मोहीम नको. व्हॉट्सअ‍ॅप निघायच्या कितीतरी आधी लिहिलेला हा मजकूर तुमच्या परवाच्या त्या मेसेजचं नेमकं वर्णन करतो.

पण माझ्या मते ही संहिता खरी सुरू होते सहाव्या मुद्द्यापाशी. माझ्या बाजूने कोणी असले प्रकार केले, तर मी त्यांचा पाठिंबा ताबडतोब आणि जाहीरपणे नाकारीन, असं तिथे वचन आहे. ताबडतोब, आणि जाहीरपणे. स्वतः खोटं न बोलणं तुम्हाला जड जाणार नाही. जड जातं ते आपल्याच माणसाला, जो तुमच्यासाठी राबतो, ज्याने तीस पाट्या स्वतः ठोकल्या, त्याला चारचौघांत थांबवणं.

मैत्रिणीच्या त्याच प्रचारात आम्ही यातही कमी पडलो होतो. आमच्या बाजूच्या एका उत्साही पालकाने पालकांच्या ईमेल यादीवर एका प्रतिस्पर्धी बाईंबद्दल लिहिलं, की त्यांच्या मुलाला शाळेतून काढलं होतं, त्या काय शाळा चालवणार. आम्ही ते लिहिलं नव्हतं, लिहायला सांगितलं नव्हतं. मैत्रीण म्हणाली, उत्तर दिलं तर उगाच आणखी लोक वाचतील. मीही मान डोलावली. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी किराणा दुकानात त्या बाई समोर आल्या, बरोबर तो मुलगा होता, चौदा-पंधरा वर्षांचा. तो माझ्याकडे बघत होता. माझ्या कोटावर मैत्रिणीच्या नावाचा बिल्ला होता. त्या संध्याकाळी आम्ही यादीवर लिहिलं, माफी मागितली, त्या पालकाला प्रचारातून बाजूला केलं. पण ते दोन दिवस उशिरा होतं, आणि संहितेवर आमची सही तीन आठवड्यांपूर्वीची होती.

तेव्हा, तुमचं चुकलं का? हो, चुकलं. पण अजून दुरुस्त करता येईल. त्याच ग्रुपवर, तुमच्या नावाने, आजच लिहा. लांबण नको, आणि त्या मजकुरातलं काही पुन्हा उद्धृत करू नका. एवढं पुरे: ‘परवा इथे एका उमेदवाराच्या खासगी आयुष्याबद्दल मेसेज आला. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. हे माझ्या प्रचारात बसत नाही. कृपया तो काढून टाका आणि पुढे पाठवू नका. त्यांच्या प्रकल्पांबद्दल आणि भूमिकांबद्दल वाटेल तेवढं बोलू या.’ ज्याने टाकला त्याला लिहिण्याच्या पाच मिनिटं आधी फोन करा, म्हणजे त्याचा चारचौघांत अपमान होणार नाही. त्याला राग येईल. काहीजण ग्रुप सोडून जातील, एखादी देणगीही जाईल. जाऊ द्या.

माझं मत विचारता, तर दोन्ही कागदांवर सही करा. पहिल्यावर, क्लार्कचं लेखी उत्तर हातात आल्यावर. प्रतिस्पर्ध्याने मर्यादा ओलांडली तर तुम्हाला मोकळीक देणारी सूट नियमात नसली, तरीही मी सहीच करा म्हणेन, कारण तुमचे आकडे बसतात. दुसऱ्यावर, ग्रुपवर मेसेज टाकल्यानंतर, आधी नव्हे.

पण सही करून लगेच पत्रकात ‘मी सही केली, त्यांनी नाही’ असं छापू नका. अर्ज भरायची मुदत मतदानाच्या ११३ दिवस आधी सुरू होते आणि ८८ दिवस आधी संपते, म्हणजे तुमच्या हातात अजून दिवस आहेत. दोन्ही प्रतिस्पर्ध्यांना फोन करा, शक्य असेल तर तिघं एकत्र भेटा. विचारा, तिघांनीही २५,००० मध्ये राहायचं का, स्वतःचा पैसा धरून? दर शुक्रवारी एकमेकांना आतापर्यंतचा खर्च कळवायचा का? कायद्याने तो मतदानाच्या ४० आणि १२ दिवस आधी कळवायचाच असतो, आपण थोडं अधिक मोकळं राहू. एकमेकांवर टीका करणारं पत्रक टपालात टाकण्याच्या एक दिवस आधी दाखवायचं का, म्हणजे आकडा चुकला असेल तर वेळेत कळेल? बाहेरच्या कोणी आपल्यासाठी पत्रक काढलं तर निम्मे पैसे शहराच्या वाचनालयाला द्यायचे का? सगळ्याला होकार मिळणार नाही. एकदोन गोष्टींना मिळाला तरी कागदावर लिहून तिघांनी सह्या करा आणि क्लार्ककडे एक प्रत द्या.

सध्याच्या सदस्यांना फोन करणं सोपं आहे, त्यांनी सही केलेलीच आहे. पण पहिला फोन बांधकामवाल्यांना करा. त्यांच्याबद्दल तुमच्या ग्रुपवर काय आलं ते त्यांच्या कानावर बहुतेक गेलेलं असेल. ‘तुमच्याबद्दल आमच्या लोकांत जे फिरतंय ते मी थांबवते आहे, आणि आधी थांबवलं नाही याबद्दल माफ करा,’ एवढं आधी म्हणा. खर्चाचं त्यानंतर काढा.